सहा पाकळ्यांची सदाफुली

कॉलेजात ‘प्लांट कलेक्टर’ नावाची एक जागा असते, हे कॉलेजात शिकून गेलेल्यांनाही बहुधा माहीत नसतं. त्या जागेवर मी सत्तावीस वर्षं काम केलं. बँकेत फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यात ते लिहिलं, की काउंटरवरची मुलगी मान वर करायची.

“म्हणजे काय करता मॅडम?”

“फुलं आणते.”

“अच्छा, हारांचं दुकान.”

मी मान डोलवायचे. मागे रांग उभी असताना काय समजावणार? या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं तेव्हा आधी मला ती चेष्टाच वाटली. मग लक्षात आलं, इथे माझ्यामागे रांग नाही. सगळं सांगता येईल. एक गोष्ट तर सांगायलाच हवी आहे, पण तिच्याकडे जरा वळसा घेऊन येते.

वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलाच्या हातात एक डहाळी द्यावी लागते. एका बॅचला पंचवीस मुलं, म्हणजे पंचवीस डहाळ्या, सगळ्या एकाच जातीच्या. बाजारातली फुलं चालत नाहीत. हारवाल्याला नुसतं फूल हवं असतं, आम्हाला देठ, पान, कळी, उमललेलं फूल आणि जमलं तर फळ, असं सगळं कुटुंब एकत्र हवं असतं. ते भल्या पहाटे जाऊन खुडायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि साडेसातच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचं. हे झालं प्लांट कलेक्टरचं काम.

पुढचं काम मुलांचं. जास्वंदीचं फूल घ्या, कारण ते मोठं आहे आणि चष्मा विसरलेल्यालाही दिसतं. सगळ्यांत बाहेर हिरवी वाटी असते, तो निदलपुंज. कळी असताना तीच फुलाला झाकून ठेवते. तिच्या आत पाकळ्या, म्हणजे दलपुंज. त्यांच्या आत पिवळी भुकटी धरणारे पुंकेसर. आणि अगदी मधोमध स्त्रीकेसर. त्याच्या तळाशी अंडाशय असतो, त्याचंच पुढे फळ होतं. बाहेरून आत असे चार वेढे. प्रत्येक वेढ्यात किती भाग आहेत ते मोजायचं, सुटे की जोडलेले ते बघायचं, आणि त्यावरून झाडाचं कुळ ओळखायचं. चार-चार किंवा पाच-पाच असतील तर झाड एका मोठ्या गटातलं, तीन किंवा सहा असतील तर दुसऱ्यातलं. म्हणजे सगळी मदार मोजण्यावर. आकडा चुकला की सदाफुलीची लिली होते.

आता तुम्ही म्हणाल, बाई फार शिकलेली दिसते. मी अकरावी नापास आहे. ही नोकरी माझ्या नवऱ्याची. आमचे हे त्याच कॉलेजात प्लांट कलेक्टर होते. पार्ल्याच्या बाजूचं कॉलेज, नाव सांगत नाही. काविळीने ते अचानक गेले, आणि कॉलेजने माझी कीव करून मला त्यांच्या जागेवर तात्पुरतं घेतलं. आम्ही मूळचे मालवणकडचे. सासरे गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वाकोल्याला आले. मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि सासू. पहिल्या दिवशी मी पहाटे निघाले तर सासू अंथरुणातून म्हणाली, “फुलां खुडूचो पगार गावता? मगे माका पण चिकटव खंय तरी.” मुलगा वर्षानुवर्षं काय करत होता हे तिला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

खरं म्हणजे मलाही नव्हतं. मला त्यांचं काम कळलं ते त्यांच्या वहीतून. शंभर पानी, पुठ्ठ्याची वही. तिच्यात तारीखवार काहीच नाही, नुसती ठिकाणं. ‘टाकळा – पवई तलावाच्या भिंतीखाली, श्रावणात. धोतरा – वाकोला नाल्याच्या पुलाजवळ, बारा महिने. रुई – मुलुंड, टेकडीच्या पायथ्याशी, गुरं बांधतात तिथे. मर्यादवेल – मढ, कोळ्यांची जाळी वाळतात त्याच्या पुढे, वाळूत. गोकर्ण – अंधेरी, पोस्टाच्या मागची जाळी. पोस्टमास्तरांना विचारून.’ या उपनगरांत मी इतकी वर्षं राहत होते, पण मला दुकानं माहीत होती. यांच्या उपनगरात दुकानं नव्हतीच. मी ती वही घेऊन एकेक झाड शोधत गेले आणि प्रत्येक झाडापाशी पोचले की वाटायचं, हे इथे उभे राहिले असतील, याच फांदीला हात लावला असेल. जिवंतपणी आम्ही दोघं इतकं फिरलो नाही.

वहीच्या मागच्या बाजूने दुसरीच वही सुरू होत होती. तिथे त्यांनी वाळवलेली फुलं चिकटवली होती. चार पाकळ्यांचा पारिजात, दोन तोंडांचा धोतरा, एकच पाकळी पांढरी पडलेली जास्वंद. म्हणजे ज्या फुलांचं काही तरी बिघडलं होतं ती. त्याचं कारण मला पहिल्याच वर्षी आमच्या खात्याच्या प्रमुख बाईंनी सांगितलं. परीक्षेची फुलं तांदळासारखी निवडायची असतात. निसर्गात शंभरात एखादं फूल वेडंवाकडं निघतंच. ते मुलाच्या हातात गेलं तर मूल गोंधळतं. म्हणून डहाळ्या टेबलावर मांडायच्या, एकेक फूल बघायचं, पाकळ्या मोजायच्या आणि वेगळं निघालं की बाजूला काढायचं. “बाकी काही विसरलीस तरी चालेल,” बाई म्हणाल्या होत्या, “निवडायला विसरू नकोस.” बाजूला काढलेली फुलं हे वहीत ठेवत, म्हणून मीही ठेवू लागले.

डहाळ्या आणायला मी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा वापरायचे. पार्ल्यात असे डबे एके काळी मुबलक. झाकण घट्ट, आत ओलं फडकं, फुलं दुपारपर्यंत टवटवीत. फक्त रस्त्यात कोणी ना कोणी थांबवायचंच, “खारी आहे का ओ?” कॉलेजात माझं नाव पडलं डबा मावशी.

परीक्षेच्या दिवसांत डबा मावशीचा भाव वधारायचा. उद्या कुठलं फूल येणार हे मी आणि बाई सोडून कोणाला माहीत नसे.

“मावशी, नाव नको सांगू. फक्त रंग सांग ना.”

“हिरवा.”

“काय यार मावशी.”

एका पठ्ठ्याने तर पहाटे बाइकवरून माझा पाठलाग केला. मी नाल्याच्या पुलाजवळ धोतरा खुडताना त्याने पाहिलं आणि वर्गभर सांगून टाकलं. सगळी पोरं धोतरा घोकून आली. परीक्षेत निघाली गोकर्ण. तो धोतरा मी दुसऱ्या वर्गासाठी घेतला होता. निदान कोणी विचारलं तर मी असं सांगते.

मढची गंमतही सांगायला हवी. मर्यादवेल आणायला गेले तर वाटेतल्या एका बंगल्यात शूटिंग चाललेलं. भिंतीवर बोगनवेल अशी काही फुललेली की डोळे फिरावेत. बोगनवेलीचा तो गुलाबी रंग पाकळ्यांचा नसतो, ती रंगीत पानं असतात. खरं फूल आत, पांढरं, तांदळाएवढं. दर वर्षी निम्मा वर्ग तिथे आपटतो. म्हटलं, आयतीच मिळाली तर बाई खूश होतील. मी एक घोस उलटा करून आतलं फूल शोधायला लागले तर खाली तार. अख्खी वेल प्लॅस्टिकची, खऱ्या वेलीला तारेने बांधलेली, कारण खरी त्या आठवड्यात फुलली नव्हती. तिथला एक माणूस धावत आला. “अहो मावशी, हात लावू नका. कॅमेऱ्याला कुठे कळतंय?” मी म्हटलं, “कॅमेऱ्याला नाही कळत, पण आमच्या मुलांना मार्क आहेत त्याचे.” त्याला काही उमगलं नाही. पण चहा दिला.

असे किस्से सांगितले की लोक म्हणतात, मजेची नोकरी होती. मजा होती, पण काम एकटीचं होतं. पहाटे खुडताना बोलायला कोणी नाही. कॉलेजात मी शिक्षकांतली नाही आणि शिपायांतलीही नाही, त्यामुळे चहा मी माझ्या डब्यावर बसून प्यायचे. घरी सासू होती तोवर घरात आवाज होता. ती गेल्यावर तोही थांबला. मला झाडांची नावं पाठ व्हायला लागली आणि माणसांची विसरायला लागली, तेव्हा माझं मलाच चमकायला झालं.

आता ती गोष्ट.

माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष. मी अजून तात्पुरतीच होते. मला कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात वर गेला होता. बाईंनी बजावलं होतं, “सुनंदा, आता एकही तक्रार येता कामा नये.” शेवटच्या वर्षाची परीक्षा. जास्वंद द्यायची ठरली होती, आणि ती मी नेहमी एका सोसायटीच्या कुंपणावरून, वॉचमनला सांगून आणायचे. पहाटे पोचले तर कुंपण भुंडं. आदल्या दिवशी सोसायटीने छाटून टाकलं होतं. वहीत दुसरी जागा होती ती बोरिवलीला. तिथे जाऊन यायला वेळ नव्हता. मग मी तशीच वाकोल्याला परत फिरले आणि आमच्याच चाळीतल्या बायकांनी तेलाच्या डब्यांत लावलेली सदाफुली दारोदार मागून गोळा केली. पोचेपर्यंत आठ वाजले. बाहेरचे परीक्षक येऊन बसलेले. बाई म्हणाल्या, “चालेल, सदाफुली चालेल, पटकन वाट.” मी वाटली. निवडली नाही.

त्या वर्गात प्रज्ञा वानखडे नावाची मुलगी होती. घाटकोपरला राहायची, आईवडील अकोल्याकडचे. वडील गोदीत कामाला, आई घरीच गोधड्या शिवायची. प्रॅक्टिकल संपल्यावर सगळी पोरं हात झटकून निघायची, ही एकटी मागे राहून टाकलेल्या डहाळ्या गोळा करायची, घरी नेऊन पुन्हा बघायला. मला विचारायची, “मावशी, हे कुठे मिळालं? तिथे अजून काय काय आहे?” सत्तावीस वर्षांत मला ठिकाण विचारणारी ती एकटी. तिला पुढे एम.एस्सी. करायचं होतं, याच विषयात. जागा मोजक्या. गुण चांगले हवेत, आणि तिचे होतेच.

सदाफुलीच्या डहाळीला एका वेळी दोन-तीनच फुलं उमललेली असतात, आणि ती हात लावला तरी गळतात. प्रज्ञाच्या डहाळीवर एकच उरलं होतं. सदाफुलीला पाकळ्या पाच. शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिने ते फूल चिरून उघडलं, मोजलं आणि लिहिलं, सहा. पुंकेसरही सहा. पान एका गटाचं दिसतं आणि फूल दुसऱ्याचं, असा शेराही प्रामाणिकपणे लिहिला.

परीक्षक फिरत फिरत तिच्या टेबलाशी आले. फूल तेवढ्यात कोमेजून डिशमध्ये गोळा झालं होतं. त्यांनी खाली पाहिलंही नाही, कागदच पाहिला. “सदाफुलीला सहा? शेवटच्या वर्षाला आहात ना तुम्ही?” सगळा वर्ग हसला. प्रज्ञा म्हणाली, “सर, माझ्या फुलाला सहाच आहेत. बघा ना.” ते म्हणाले, “मला बघायची गरज नाही, मी तीस वर्षं बघतोय,” आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्या प्रश्नाच्या गुणांवर त्यांनी काट मारली. तिच्या आकृतीवरही मारली. ते मी माझ्या कोपऱ्यातून पाहिलं.

वेळ संपल्यावर डिशा उचलायचं काम माझं. तिच्या टेबलाशी आले, पाणी शिंपडलं, टाचणीने फूल पसरलं आणि मोजलं. सहा. नळी उभी चिरलेली, सहा पाकळ्या एका ओळीत, आतून चिकटलेले सहा पुंकेसर. तिने किती सफाईने चिरलं होतं. हात सवयीनेच चालले. मी ते टिपकागदात ठेवलं, टिपकागद वहीत, आणि वही पिशवीत.

दहा मिनिटांनी प्रज्ञा धावत परत आली. डोळे लाल झालेले.

“मावशी, माझी डिश तुम्ही उचललीत ना? त्यातलं फूल कुठंय? परीक्षक अजून खाली आहेत, दाखवते त्यांना. आईशप्पथ सहा होत्या.”

पिशवी माझ्या खांद्याला होती. नुसतं हात घालून काढायचं होतं. पण मला तो वर गेलेला कागद दिसत होता, आणि बाईंचं वाक्य. फूल दाखवलं की पहिला प्रश्न येणार होता, हे फूल निवडलं का नाही?

मी म्हटलं, “टाकलं गं. कचरा गेला आत्ताच.”

ती मागच्या दारी कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली. तो रिकामाच होता, म्हणून माझं खोटं पचलं. परत येऊन म्हणाली, “मावशी, तुम्ही वाटताना बघितलं होतं का?” मी म्हटलं, “मी कुठं बघते?”

त्या वर्षी ती पास झाली, पण एम.एस्सी.ची जागा थोडक्यात हुकली. वडिलांना तेव्हा दम्याने धरलं होतं, एक वर्ष थांबणं तिला परवडणारं नव्हतं. कुठला तरी लहान कोर्स करून ती कामाला लागली, एवढं कानावर आलं. मी जूनमध्ये कायम झाले. बाईंनी पेढा दिला. मी तो पिशवीत ठेवला आणि सासूला दिला.

त्यानंतर चोवीस वर्षं मी एकही फूल न निवडता वाटलं नाही. लोक माझं कौतुक करायचे. सुनंदाबाईंच्या मालात खोट नाही म्हणायचे. मला ते ऐकवत नसे. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. सांगावी असं माणूसच नव्हतं, आणि असतं तरी सांगितली असती का, माहीत नाही.

मी निवृत्त झाले. अजूनही पहाटे साडेचारला जाग येते आणि जायला कुठे नसतं. मग कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे जाऊन उभी राहते आणि तिच्या टोपलीतल्या फुलांच्या पाकळ्या मोजते. ती बिचारी म्हणते, “आजी, घ्या तरी काही तरी.”

दोन वर्षांपूर्वी आमचं खातंच बंद झालं. या विषयाला मुलं येईनात. कपाटं रिकामी करायला मला बोलावलं. वाळवलेल्या झाडांचे शेकडो कागद, प्रत्येकावर छापील चिठ्ठी. झाडाचं नाव, कुळ, ठिकाण, तारीख, ‘संग्राहक’ आणि शेवटी ‘ओळख पटवणार’. गोळा आम्ही करायचो, पण ‘संग्राहक’पुढे नेहमी खात्याचं नाव पडायचं. यांचं नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं. माझंही नाही. कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा रद्दीत निघाला होता, त्यातली एक मी घेतली.

निरोपाला काही जुने विद्यार्थी आले होते. एकीला मी प्रज्ञाबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. “प्रज्ञा ना? ती घाटकोपरला लॅबमध्ये असते. रक्त तपासते. लग्न होऊन डोंगरे झाली.” आणि तिने पत्ताही दिला.

तो पत्ता माझ्या फ्रिजवर दीड वर्ष लोहचुंबकाखाली होता. गेल्या दिवाळीनंतर मी वहीतून ते फूल हलक्या हाताने सोडवलं, जाड कागदावर चढवलं, खाली चिठ्ठी लावली. नाव लिहिलं, कुळ, ठिकाण वाकोला, तारीख. शेवटच्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या. कागद बिस्किटाच्या डब्यात ठेवला आणि घाटकोपरला गेले.

पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांची लॅब. काचेच्या दारातून ती दिसली. केस पांढरे, चष्मा, पण मान तिरपी करून बघायची लकब तीच. तिने मला ओळखलं नाही. “काय टेस्ट आहे?” म्हणाली. मी डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले. शेवटी म्हटलं, “साखर.” तिने मला बसवलं, मूठ आवळायला लावली आणि रक्त काढलं. डबा न उघडताच मी दंड दाबून घरी आले. पंचवीस-सव्वीस वर्षं धीर होत नाही तो एका सकाळी कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायच्या निमित्ताने पुन्हा गेले. दुपारची वेळ, ती एकटीच होती.

“साखर वर आहे आजी. भात कमी करा जरा.” मग तिचं लक्ष माझ्या मांडीवर गेलं. ती डब्याकडे बघतच राहिली. “एक मिनिट. डबा मावशी?”

“हो.”

“काय सांगता मावशी. काल का नाही बोललात? अजून तोच डबा?” ती हसायला लागली. तिला असं हसताना मी वर्गात कधी पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, उठावं आणि जावं, हे हसू तरी राहू द्यावं. पण झाकण उघडलं आणि कागद तिच्यापुढे ठेवला.

“हे तुझं आहे.”

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. फुलाचा रंग उडून तपकिरी झाला होता, पण पाकळ्या शाबूत होत्या. तिचं बोट त्यांच्या वरून, न टेकता, सरकत गेलं. मग पहिल्यापासून पुन्हा सरकलं.

“सहा,” ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. कुंपण, उशीर, न निवडणं, कायम होण्याचा कागद, पिशवी. काही वगळलं नाही. सासूचं किंवा विधवापणाचं निमित्तही पुढे केलं नाही. म्हटलं, “माझं चुकलं. फूल माझ्या खांद्याला होतं आणि मी तुला टाकलं म्हणून सांगितलं.”

तिच्या मागे कुठलं तरी मशीन गोल फिरत होतं, ते थांबलं.

“त्या दिवशी घरी गेले ना,” ती म्हणाली, “तर आई म्हणाली, तुझी नेहमीची घाई, मोजायला चुकली असशील. मी भांडले तिच्याशी. मग हळूहळू मलाच वाटायला लागलं, की चुकलेच असेन. सदाफुलीला सहा कशा असतील? इथे स्लाइडवरच्या पेशी मोजायच्या असतात ना मावशी, मी प्रत्येक स्लाइड दोनदा मोजते. सगळे हसतात मला.”

“आईला दाखव हे,” मी बोलून गेले.

“आई गेली. करोनात.”

तिने ‘जाऊ द्या मावशी’ म्हटलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं. म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

तिने कागद टेबलावर सपाट ठेवला, पुन्हा चष्मा लावला आणि खालची चिठ्ठी वाचली. “ह्या दोन ओळी कोऱ्या का?”

“मला कळलं नाही काय लिहायचं.”

तिने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे केलं. “संग्राहक तुम्ही. लिहा.”

मी लिहिलं, सुनंदा घाडी. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. ‘घाडी’ ओळीच्या खाली उतरलं. तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि ‘ओळख पटवणार’च्या पुढे नाव लिहिलं. डोंगरे नाही, प्रज्ञा वानखडे लिहिलं. आणि त्याच्यापुढे, जराही न अडखळता, तिने त्या परीक्षेचा बैठक क्रमांक लिहिला.